अतिसंवाहक फिरती विद्युत्-यंत्रे : एका संज्ञेच्या निमित्ताने

‘अतिसंवाहक’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. परंतु तिच्यातील ‘अति’ हा उपसर्ग केवळ प्रमाणाचा भेद सुचवतो. वस्तुतः हा भेद प्रकाराचा आहे. १९११ साली लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना असे आढळले की, सुमारे ४.२ केल्व्हिन तपमानास पाऱ्याचा विद्युत्-रोध एकाएकी नाहीसा होतो.

अतिसंवाहक म्हणजे ‘अधिक चांगले तांबे’ अशी समजूत करून घेतल्यास यंत्रातील सर्वच गुंडाळ्या त्याच्या कराव्यात, असे वाटेल. परंतु रोधाचा हा अभाव स्थिर एकदिश प्रवाहापुरताच खरा आहे. प्रवाह प्रत्यावर्ती असला की तारेतील चुंबकीय क्षेत्र सतत बदलते व उष्णता उत्पन्न होते. ४.२ केल्व्हिनवरील एक वॉट उष्णता ३०० केल्व्हिनच्या परिसरात बाहेर टाकण्यास, शीतयंत्र आदर्श मानले तरी, सुमारे ७० वॉट शक्ती लागते. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. म्हणून प्रचलित रचनांत एकदिश प्रवाहाची क्षेत्र-गुंडाळी तेवढी अतिसंवाहक करून बहुधा रोटरवर, म्हणजे फिरत्या भागावर, बसवतात. स्थिर भागावरील प्रत्यावर्ती गुंडाळी तांब्याचीच ठेवतात. लोखंड सुमारे २ टेस्लापाशी संपृक्त होत असल्याने, प्रबल क्षेत्राचा लाभ मिळावा म्हणून स्थिर भागातील लोखंडी दातेही पुष्कळदा वगळतात. त्यामुळे यंत्र लहान व हलके होते.

रचनाकाराचा खरा पेच याच्या पुढचा आहे. निर्वात कोशात ठेवलेला थंड रोटर आणि बाहेरील उबदार दंड यांना जोडणाऱ्या नळीने यंत्राचा सर्व पीळ सोसला पाहिजे. ती जाड केल्यास तिच्यातून उष्णता आत शिरते. पातळ केल्यास ती पिळाला पुरी पडत नाही. विद्युत्, बल आणि उष्णता यांचे हिशेब येथे एकत्रच मांडावे लागतात.

१९८६ साली बेडनॉर्त्स व म्युलर यांनी शोधलेल्या ऑक्साइडांच्या वर्गातील तारा सुमारे ३० केल्व्हिनवरही उपयोगी पडतात. तेथे आदर्श खर्च दर वॉटमागे ९ वॉटच आहे. अशा तारांची, अमेरिकी नौदलासाठी बांधलेली ३६.५ मेगावॉटची जहाजचालक मोटर २००९ साली पूर्ण भारावर चालली. २०१८ साली डेन्मार्कमध्ये ३.६ मेगावॉट क्षमतेचे जनित्र पवनचक्कीवर चढवण्यात आले.

संज्ञा बदलावी, असा आग्रह नाही. मात्र तिच्यातील ‘अति’ म्हणजे ‘पुष्कळ’ असे वाचणाऱ्यास या यंत्रातील तांबे का टिकले, हे उमगणार नाही.