तटाबाहेरचे मैदान

मुचकुंदी नदी ज्या ठिकाणी समुद्राला मिळते, त्या मुखावरच्या टेकडीवर पूर्णगडचा लहानसा दुर्ग उभा आहे. दरवाजाशी मारुतीचे देऊळ, समुद्राच्या अंगाला दुसरा दरवाजा आणि तटावरून पाहिले असता पैलतीरी गावखडीचे सुरूबन, एवढाच त्याचा पसारा. सरकारच्या पुरातत्त्व खात्याने अलीकडे या तटाची डागडुजी केली, याचा आम्हां गावकऱ्यांना मनापासून आनंद आहे. परंतु ज्या मुंबईने आमच्या कित्येक घरांतील कर्त्या माणसांना पोटाशी धरले, त्या मुंबईलाही एके काळी असाच तट होता आणि तो राखून नव्हे, तर पाडून ती महानगरी झाली, ही गोष्ट तेथे जन्म काढलेल्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या कंपनी सरकारने बांधलेल्या त्या तटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. शत्रू चालून आल्यास तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी राखण्याचा लष्करी शिरस्ता होता. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली, दाट वस्तीचा बराचसा भाग भस्मसात झाला आणि पुढे हे मैदान अधिकच विस्तृत करण्यात आले. आज ज्या हिरवळीवर शेकडो मुले क्रिकेट खेळतात, तिचा उगम उद्यानाच्या कल्पनेत नसून तोफेच्या पल्ल्यात आहे.

१८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आले, तेव्हा मराठ्यांचे राज्य बुडून चाळीसांहून अधिक वर्षे लोटली होती आणि अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढून शहरात पैशाचा पूर आला होता. तटाची गरज उरली नव्हती, म्हणून फ्रिअर यांच्या अमलात तो जमीनदोस्त करण्याचे काम सुरू झाले. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे नेमके या संक्रमणाच्या ऐन भरात प्रसिद्ध झाले, हा मराठी वाचकाचा केवढा भाग्ययोग! किल्ल्याच्या मधोमध कापसाच्या गाठी रचण्याची जी उघडी जागा होती, तिथे पोलीस कमिशनर चार्ल्स फॉर्जेट यांच्या कल्पनेतून वर्तुळाकार इमारती व मध्ये बाग अशी रचना झाली. तेच आजचे हॉर्निमन सर्कल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांनी हिंदी स्वातंत्र्याची बाजू घेतली म्हणून इंग्रज सरकारने त्यांना हद्दपार केले होते; त्यांचेच नाव पुढे त्या बागेला मिळाले, हे मला अत्यंत उचित वाटते.

तटाबाहेरचे सलग मैदान रस्त्यांनी विभागले जाऊन ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज अशी त्याची नावे झाली. ओव्हलच्या पूर्वेस हायकोर्ट व राजाबाई टॉवर ही १८७८ साली पूर्ण झालेली वास्तुशिल्पे, पश्चिमेस भराव घालून मिळविलेल्या जमिनीवर १९३० च्या सुमारास व त्यानंतर उठलेल्या गोलसर सज्जांच्या इमारती. या दोन्ही रांगांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. स्तुती इमारतींची होते. परंतु मधले मैदान नसते, तर त्या इमारती कोणी, कोठे उभे राहून पाहिल्या असत्या? हेच मैदान मध्यंतरी इतके उजाड झाले होते की, शेजारच्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात न्यायालयाची पायरी चढून त्याची निगा स्वतःकडे घेतली.

दक्षिण कोरियाच्या सोल राजधानीची कथा याच वळणाची आहे. १३९६ मध्ये बांधलेला तिचा तट अठरा किलोमीटरांहून लांब होता. विसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्यांसाठी त्याचे भाग पाडले गेले. शहराच्या मध्यातून वाहणारा चंग्येचन ओढा १९५८ पासून झाकला गेला व त्यावर उन्नत मार्ग बांधण्यात आला. २००३ मध्ये तो मार्ग पाडण्याचे काम हाती घेऊन सुमारे पावणेसहा किलोमीटरांचा प्रवाह पुन्हा उघडा केला गेला आणि १ ऑक्टोबर २००५ रोजी तो लोकांना खुला झाला. त्यातले पाणी बहुतांशी हान नदीतून पंपाने आणावे लागते आणि काठच्या फेरीवाल्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या, हेही नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि वर्षानुवर्षे गाळ, भराव व अतिक्रमणांनी आवळलेली आमची मिठी नदी घराघरांत शिरली. एका शहराने ओढ्यावरचा रस्ता काढला, दुसऱ्याला नदीने आपला रस्ता दाखविला.

तरी आपल्याला काहीच साधले नाही, असे मी म्हणणार नाही. सोलने नांजिदोच्या कचऱ्याच्या डोंगरांवर २००२ मध्ये उद्यान उभारले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९९४ मध्ये, धारावीला लागून मिठीच्या काठी, कचऱ्याच्या जुन्या आगरावर सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले होते. कुजक्या ढिगाऱ्यावर माती पसरून, रोपे लावून मनुष्याने अरण्य घडविले, आणि पक्षी व फुलपाखरे तिथे परतली. माझ्या मते मुंबईच्या गेल्या अर्धशतकातील हे सर्वांत थोर नागरी बांधकाम होय, जरी त्यात बांधलेले फारसे काही नाही.

आता महालक्ष्मीच्या रेसकोर्सची सुमारे १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे आली आहे. मुंबईत राहणाऱ्या पूर्णगडकरांना आणि अवघ्या कोकणवासीयांना माझी हात जोडून विनंती आहे की, त्या जमिनीच्या आराखड्यावर जेव्हा जेव्हा हरकती व सूचना मागविल्या जातील, तेव्हा मुदतीच्या आत, आपल्या सहीने, लेखी अर्ज करावा, आणि त्यात एवढेच मागावे की, ही जमीन मोकळी राहावी व तिच्या दारावर तिकीट नसावे.