भुवयांचे गोंदण आणि नाजूक त्वचा

बालरोगतज्ज्ञाने भुवया गोंदवून घेण्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्वचारोगतज्ज्ञ मित्रांच्या अंगणात शिरण्याचा माझा हेतू नाही. परंतु डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत पंचवीस वर्षांहून अधिक काळ मुले तपासत असता, एके काळी आईच्या मांडीवर बसून रात्रंदिवस गाल खाजविणारी इसबाची बालके आता विशी-पंचविशीत आली आहेत. त्यांपैकी काही मुली आपला जुना डॉक्टर म्हणून आजही माझ्याकडे येतात. अलीकडे त्यांचा एक प्रश्न वारंवार कानी पडतो. "डॉक्टर, लग्नाआधी भुवया कायमच्या करून घेणार आहे. माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे. काही होणार नाही ना?"

या प्रश्नाचे 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोंदण आपल्या समाजाला नवे नाही. आजीच्या पिढीतील बहुतेक स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा हातावर हिरवट निळे ठिपके, तुळशीवृंदावन वा पतीचे नाव असे. त्या गोंदणात मुख्यतः काजळी, म्हणजे कार्बन असे. आणि शुद्ध कार्बनाची ॲलर्जी क्वचितच येते. आजीचे गोंदण जन्मभर खाजले नाही, यावरून नातीनेही निर्धास्त राहावे असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, कारण आजच्या रंगात केवळ काजळी नसते. पार्लरमध्ये ज्याला मायक्रोब्लेडिंग म्हणतात त्यात सूक्ष्म सुयांची एक पाती घेऊन केसासारख्या बारीक रेघा त्वचेवर ओढतात आणि त्यांत रंग भरतात. यंत्राच्या सुईने ठिपके देऊन भुवई भरण्याची दुसरी पद्धत आहे. दोहोंतही रंग बाह्यत्वचेच्या खाली, अंतस्त्वचेच्या वरच्या थरात ठेवला जातो. 'कायमच्या' म्हटल्या तरी या भुवया साधारणतः वर्ष ते तीन वर्षांत फिकट होतात; रंगाचे काही कण मात्र राहतात ते राहतातच.

आता 'संवेदनशील त्वचा' म्हणजे काय ते पाहू. २०१७ साली खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने तिची व्याख्या केली. ज्या गोष्टीने सामान्यतः त्रास होऊ नये, तिनेही चुरचुर, आग, खाज वा टोचल्यासारखे वाटणे, म्हणजे संवेदनशील त्वचा. बोलीभाषेत मात्र आपण या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे प्रकार घालतो. पहिला हा नुसत्या चुरचुरीचा. दुसरा ॲटोपिक डर्माटायटिसचा, म्हणजे बालपणीच्या इसबाचा. यात त्वचेची तटबंदीच कमकुवत असते. अशा अनेक रुग्णांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, हे २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखविले. तिसरा प्रकार खऱ्या कॉन्टॅक्ट ॲलर्जीचा : निकेल, केसांचा कलप, एखादे मलम अशा ठराविक पदार्थाची. पहिल्या प्रकारात त्रास होतो पण धोका थोडा; उरलेल्या दोहोंत विचार करूनच पाऊल टाकावे लागते. म्हणून प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी प्रथम हेच विचारतो की तुला 'सेन्सिटिव्ह' कोणी म्हटले आणि कशावरून?

दुसरा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि तो पार्लरमध्ये सहसा कोणी विचारीत नाही. भुवया विरळ का झाल्या?

भुवईचा बाहेरचा तृतीयांश भाग विरळ होणे हे वैद्यकशास्त्रात जुने लक्षण आहे. हर्टोघ या बेल्जियन वैद्याच्या नावाने ते ओळखले जाते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की ते दिसते हे विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी पाठ केलेले असते. पण तेच लक्षण ॲटोपिक डर्माटायटिसमध्येही दिसते, कारण वर्षानुवर्षे खाजवून आणि चोळून केस झडतात. म्हणजे भुवया गोंदवून घ्याव्यात असे जिला सर्वांत तीव्रतेने वाटते, तिचीच त्वचा त्या कामास सर्वांत कमी लायक असण्याचा संभव असतो. विरळ भुवई आणि नाजूक त्वचा हे दोन योगायोग नसून पुष्कळदा एकाच झाडाची दोन पाने असतात. इसब आटोक्यात आणला आणि खाजविणे थांबले, तर काहींच्या भुवया आपोआप भरून येतात. गोंदणाचा खर्च आणि जोखीम दोन्ही वाचतात.

कारणे आणखीही आहेत. भुवयांतला कोंडा, चाईचे चट्टे, मानसिक ताणाखाली स्वतःचेच केस उपटण्याची किशोरवयीन मुलांतील सवय, वर्षानुवर्षांचे थ्रेडिंग. आणि एक कारण असे की ते नजरेतून सुटता कामा नये : कुष्ठरोग. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर त्याचे निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले, याचा अर्थ रुग्णसंख्या दहा हजारांत एकाहून कमी झाली. रोग संपला असा नव्हे. भुवया झडणे हे त्याच्या एका प्रकारातले ठळक चिन्ह आहे, आणि त्यावर रंग भरला तर ते चिन्हच झाकले जाते. औषध विनामूल्य मिळते, रोग पूर्ण बरा होतो; निदानास उशीर झाला तर हातापायांच्या नसा मात्र परत मिळत नाहीत. तेव्हा अकारण भुवया झडत असतील तर पार्लरच्या आधी दवाखाना आणि थायरॉइडची एक रक्ततपासणी, हा क्रम ठेवावा.

रंगाविषयी थोडे सविस्तर. डिचोलीकरांना लोहाच्या ऑक्साइडची ओळख करून द्यायला नको. २०१२ साली खाणी बंद पडण्यापूर्वी शिरगाव, मये, पिळगाव परिसरातील रस्ते, माडांची झावळे आणि वाळत घातलेले कपडे ज्या तांबड्या धुळीने माखत, ती हेमटाइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचीच. भुवयांच्या तपकिरी रंगात हाच पदार्थ, अर्थात शुद्ध करून, वापरला जातो. स्वतः तो बराचसा निरुपद्रवी. पण शुद्धीकरण नीट झाले नसेल तर त्याच्याबरोबर निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांचे अंश येऊ शकतात, आणि खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानाच्या पाळ्या चिघळतात त्यांना निकेल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. शिवाय छटा गरम दिसावी म्हणून तांबडे-पिवळे सेंद्रिय रंग मिसळतात. गोंदणाच्या ॲलर्जीत तांबड्या रंगाचा वाटा सर्वाधिक असतो. २००३-०४ मध्ये अमेरिकेत एका उत्पादकाच्या पर्मनंट मेकअपच्या रंगांविषयी दीडशेहून अधिक तक्रारी अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या आणि ते रंग बाजारातून परत घेण्यात आले. सूज, खाज, भेगा, फोड, व्रण अशा त्या तक्रारी होत्या. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे २०२५ साली कर्नाटकाच्या आरोग्यमंत्र्यांनी शाईच्या तपासणीत जड धातू आढळल्याचे सांगून केंद्राने मानके ठरवावीत अशी भूमिका घेतली. तोवर बाटलीवरचे लेबल वाचणे, सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडायला लावणे आणि तिच्या नावाचा व बॅच क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवणे एवढे आपल्या हाती आहे. पुढे काही झाले तर तो फोटो डॉक्टरांच्या फार कामी येतो.

"पण त्यांनी कानामागे रंग लावून टेस्ट केली, काही झाले नाही," असे मुली सांगतात. या चाचणीवर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. त्वचेवर लावलेला रंग आणि त्वचेत टोचलेला रंग यांची गोष्ट वेगळी. आत गेलेल्या रंगाचे शरीरात हळूहळू विघटन होते आणि त्यातून निर्माण झालेल्या पदार्थाची ॲलर्जी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी उद्भवते. तेव्हा चाचणीत त्रास झाला तर गोंदण करूच नये. त्रास झाला नाही तर मात्र ती हमी समजू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवर पट्ट्या लावून होणारी पॅच टेस्ट याहून उपयुक्त, कारण तीत निकेल, कोबाल्ट, क्रोमेट, कलपातील पीपीडी आणि नेहमीच्या मलमांतील औषधे तपासली जातात.

मलमांचा उल्लेख मुद्दाम केला. पेडण्याच्या किनारपट्टीवरील एका गावातली मुलगी, लहानपणी इसबासाठी माझ्याकडे येणारी, लग्नाला दहा दिवस असताना भुवया गोंदवून आली. चौथ्या दिवशी दोन्ही पापण्या सुजून डोळे मिटले. रंगाचीच ॲलर्जी, असे सर्वांनी गृहीत धरले. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. पुढे पॅच टेस्ट झाली तेव्हा दोषी ठरले ते जखमेवर दिवसातून चार वेळा चोपडलेले निओमायसिनयुक्त मलम! निओमायसिन आणि त्याचे भावंड फ्रामायसेटिन ही आपल्या घरोघरी चिठ्ठीविना येणारी औषधे. ज्यांच्या इसबावर ती वर्षानुवर्षे लावली गेली, त्यांना त्यांचीच ॲलर्जी होण्याचा संभव अधिक. सूज आठवड्यात उतरली, लग्न झाले. लग्नाच्या फोटोंत वधू गॉगल लावून का आहे हे तिच्या मुलांना पुढे कधीतरी सांगावे लागेल. गोंदणानंतर साधे पेट्रोलियम जेली पातळ लावणे पुरते.

बधिर करण्याच्या मलमाविषयीही सावध असावे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टॅटू वगैरेंसाठी विकल्या जाणाऱ्या जादा तीव्रतेच्या लिडोकेन मलमांविरुद्ध इशारा दिला. चिठ्ठीविना वापरावयाच्या मलमात ते चार टक्क्यांहून अधिक असू नये असा त्यांचा निकष. खरवडलेल्या त्वचेतून हे औषध रक्तात भराभर शिरते आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. लिडोकेन-प्रिलोकेनचे मिश्रण तर क्षारधर्मी असते. ते ओघळून डोळ्यात गेले तर बुबुळाला इजा होते. वापरलेले मलम आणि ट्यूब घरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, हे बालरोगतज्ज्ञ म्हणून सांगणे माझे कर्तव्यच आहे.

सुई नको म्हणून काही जणी भुवया नुसत्या रंगवून घेतात. तीही वाट निर्धोक नाही. १९३३ साली अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाच्या पापण्या-भुवयांच्या रंगाने एका स्त्रीची दृष्टी गेली. त्यात पीपीडी होते. १९३८ च्या तेथील अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यामागे अशीच प्रकरणे होती. आज समुद्रकिनाऱ्यावर आणि जत्रांत हातावर काढतात त्या झटपट 'काळ्या मेंदीत' पुष्कळदा हेच द्रव्य असते. खरी मेंदी तांबूस रंगते, काळी कुळकुळीत नव्हे. हरमल-मोरजीच्या बाजूला सुट्टीत गेलेल्या मुलाच्या दंडावर आठवड्याने नक्षीबरहुकूम फोड उठलेले मी अनेकदा पाहिले आहेत. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. पुढे कलप किंवा भुवयांचा रंग लावला की उफाळते.

जंतुसंसर्गाविषयी डॉक्टर वाचकांना विस्ताराने सांगणे नको. सुई-पाती एकदाच वापरावयाची, ती आपल्यासमोर फोडलेली असावी. हिपॅटायटिस बी ची लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर २०११ पासून आली; त्यापूर्वी जन्मलेल्यांनी आपले तीन डोस झाले आहेत का ते पाहून मगच सुईखाली बसावे. शाई नळाच्या पाण्याने पातळ करू देऊ नये. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे शाईतूनच क्षयजंतूंच्या कुळातील जंतूंचा संसर्ग एकोणीस जणांना झाला होता. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ठाण मांडून असतो आणि हर्पिस त्यावर वणव्यासारखा पसरतो. म्हणून ज्यांना वारंवार ओठांवर पाण्याचे फोड येतात त्यांनी तसे आधी सांगावे. भुवईपाशी मोलस्कम वा चामखीळ असेल तर ती बरी होईपर्यंत थांबावे. सोरायसिस, लायकेन प्लॅनस किंवा कोड असणाऱ्यांच्या बाबतीत तर माझे उत्तर स्पष्ट 'नको' असेच असते, कारण जेथे सुई टोचेल तेथे तो रोग उगवू शकतो.

मग इसबाचा पूर्वेतिहास असलेल्या मुलीने काय करावे? निदान सहा महिने चेहऱ्यावर इसब उठलेला नसेल, पॅच टेस्ट झालेली असेल, वय अठराच्या पुढे असेल, तर जोखीम समजून घेऊन ती करून घेऊ शकते. तुळशीचे लग्न झाले की आपली लग्नसराई सुरू होते. मुहूर्ताच्या निदान दोन महिने आधी हे काम उरकावे, कारण जखम भरून रंग बसायला आणि दुसरी बैठक व्हायला तेवढा अवधी लागतो. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात, घामात नको. पहिले दहा दिवस समुद्रस्नान, तळी, पोहणे वर्ज्य. तेलकट त्वचेवर रेघा पसरतात, हेही आधीच जाणून असावे.

अंगावर दूध पाजणाऱ्या आया मला हाच प्रश्न विचारतात. रंगाचे कण दुधात उतरतात असा पुरावा नाही. पण आईला जंतुसंसर्ग झाला आणि तीव्र औषधे घ्यावी लागली तर पंचाईत बाळाची होते. गरोदरपणात आणि पाजते असेपर्यंत थांबा, असे मी सांगतो. रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गोंदणानंतर आपल्या देशाच्या नियमाने एक वर्ष रक्त देता येत नाही.

आणि नको वाटले तर काढता येते का? लेझरने बरेचसे निघते, पण लोहाचे आणि टायटॅनियमचे ऑक्साइड लेझरखाली क्षणात काळे पडू शकतात; तपकिरी भुवई काळी ठिक्कर होते. जेथे ॲलर्जीच्या गाठी आल्या आहेत तेथे लेझरने रंग फुटून ॲलर्जी सर्वांगावर उठल्याची उदाहरणे आहेत. अशा गाठी, किंवा महिन्यांनंतर पुन्हा सुरू झालेली खाज, दिसताच पार्लरमध्ये परत न जाता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही त्वचारोग विभाग आहे. जाताना मोबाइलमधील तो बाटलीचा फोटो आणि वापरलेली सारी मलमे बरोबर न्यावीत.