कॉलम चुकला, पगार हुकला!

एचआरमधली इंटर्नशिप म्हणजे ‘नुसतं एक्सेल’, असं वाटतंय? त्याच एक्सेलमध्ये कुणाचा तरी हक्काचा पगार अडकलेला असू शकतो.

समजा, तुमची पहिलीच इंटर्नशिप आहे. मध्यम आकाराच्या एका कंपनीचा एचआर विभाग. तुम्ही मनात बरेच बेत आखून गेलात आणि पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, ‘‘ही पगाराची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची आहे. जरा साफ करून देशील?’’ झालं! चेहरा पडला. वर्षभर मोटिव्हेशनच्या थिअऱ्या पाठ केल्या त्या काय कॉपी-पेस्ट करायला?

थांबा. हे काम वाटतं तेवढं बिनमहत्त्वाचं नाही.

हे सॉफ्टवेअर पगार वाटणारं नसतं, पगार तपासणारं असतं. सारखं काम करणाऱ्यांना सारखा पगार मिळतोय का, फरक असेल तर तो अनुभव किंवा शहर यामुळे पडलाय, की कुणी बाई आहे म्हणून, हे ते शोधतं. गणित झटक्यात होतं. पण सॉफ्टवेअरला माणसं दिसत नाहीत, कॉलम दिसतात. आणि ते कॉलम भरणार तुम्ही!

शून्य गेलं कुठे?

पहिली गंमत कर्मचारी क्रमांकाची. पगाराच्या फाइलमध्ये एकाचा क्रमांक आहे ००४७१. तुम्ही ती सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलीत की एक्सेल म्हणतं, ‘पुढची शून्यं कशाला हवीत?’ उरतो ४७१. दुसऱ्या फाइलमध्ये, जिथे पदं आणि रुजू झाल्याच्या तारखा आहेत, तिथे मात्र ००४७१ च आहे. दोन्ही फाइल जोडल्या की हा माणूस कुणाशीच जुळत नाही. पगार असतो, पण पद गायब. म्हणून फाइल थेट उघडू नका. इम्पोर्ट करा आणि त्या कॉलमला आधीच ‘टेक्स्ट’ ठरवून द्या.

तारखांचंही तेच. ०२/११/२०२१ म्हणजे आपल्यासाठी २ नोव्हेंबर. कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर ११ फेब्रुवारी! बसल्याजागी जवळपास नऊ महिन्यांचा अनुभव वाढला. एक्सेलच्या या स्वभावाला शास्त्रज्ञही कंटाळले होते. ‘मार्च-१’ नावाच्या जनुकाची ते थेट तारीखच करून टाकायचं. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली अशा जनुकांची नावंच बदलली. एक्सेल बदलेना, तर नावं बदला!

सहा लाख म्हणजे नक्की किती?

आता मुख्य कॉलम, पगार. पुण्याच्या शाखेने महिन्याचा आकडा पाठवलाय, ५०,०००. नागपूरच्या शाखेने वर्षाचा, ६,००,०००. तिसऱ्याने चक्क शब्दांत लिहिलंय, ‘६ लाख’. आपल्याला तिन्ही सारखे कळतात. सॉफ्टवेअरला पहिला गरीब वाटतो, दुसरा श्रीमंत, आणि तिसऱ्याला पगारच नाही.

त्याहून मोठा घोळ सीटीसीचा. सीटीसीमध्ये कंपनी भरते तो पीएफ येतो, ग्रॅच्युइटीची तरतूद येते, कधी विम्याचा हप्ताही येतो. शिवाय असतो ‘व्हेरिएबल’, म्हणजे टार्गेट झालं तर मिळणारा पैसा. दोघांची सीटीसी सहा लाख. एकाला सगळं पक्कं, दुसऱ्याचे त्यातले सव्वा लाख टार्गेटवर टांगलेले. एकाच कॉलममध्ये सीटीसी टाकली तर दोघे ‘समान’ दिसतील. म्हणून बेसिक, भत्ते, व्हेरिएबल आणि कंपनीचा वाटा यांचे कॉलम वेगळे ठेवायचे. कॅम्पस प्लेसमेंटची ऑफर हातात पडेल तेव्हाही असेच चार कॉलम काढून बघा. ‘पॅकेज’चा फुगा किती हवेचा आणि किती पैशांचा, ते लगेच कळेल.

दिवा हिरवा, पण...

आता एक उदाहरण नीट बघा. एका टीममध्ये सारखं काम करणाऱ्यांचा पगार साधारण ६,००,००० आहे. त्यातल्या एका ताईचा आहे ४,८०,०००. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिने आठवड्यातले पाचऐवजी चार दिवस काम मागून घेतलं होतं. पगारही त्या हिशेबाने कमी झाला. फाइलमध्ये तिच्यापुढे नोंद आहे ०.८, म्हणजे पूर्णवेळाच्या ऐंशी टक्के. सॉफ्टवेअर भागाकार करतं. ४,८०,००० भागिले ०.८, उत्तर ६,००,०००. सगळं ठीक. हिरवा दिवा!

पण गेल्या वर्षीपासून ती पुन्हा पाचही दिवस येतेय. पगाराचं ‘पुढच्या इन्क्रिमेंटला बघू’ म्हणून राहून गेलं आणि ०.८ सुद्धा तसंच राहिलं. म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये तिला कमी मिळतायत आणि तपासणीचा निकाल म्हणतोय, अन्याय नाही. आता तर तिने तक्रार केली तरी तिच्यापुढे तोच रिपोर्ट ठेवला जाईल.

हे पकडणार कोण? हजेरीची फाइल शेजारी ठेवून ‘मॅडम, या तर रोज पाच दिवस येतात’ असं विचारणारा इंटर्न. म्हणजे तुम्ही.

‘लेडी’ स्टेनोग्राफर

पदाच्या कॉलमकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’, ‘सिनि. एक्झि.’, ‘एसआर एक्झिक्युटिव्ह’ हे सॉफ्टवेअरला तीन वेगळे गट वाटतात. गटात एकटंच माणूस उरलं, तर तुलना कुणाशी करणार? आणि वेगळं नाव दिलं म्हणून काम वेगळं होत नाही.

यावर आपल्याकडे एक महत्त्वाचा निकाल आहे. मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरना जास्त पगार होता. कंपनीचं म्हणणं असं, की ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ हा गटच वेगळा. १९७६ च्या समान मोबदला कायद्याखाली प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८७ मध्ये कोर्टाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. काम सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं असेल तर पगारही सारखा हवा. कंपनीला परवडत नाही, ही सबबसुद्धा चालणार नाही. ही तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे.

गट कसे पाडले यावर उत्तर कसं फिरतं, याचं अलीकडचं उदाहरण गूगलचं. २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की तपासणीनंतर १०,६७७ कर्मचाऱ्यांना मिळून ९७ लाख डॉलर वाढवून दिले. गंमत म्हणजे इंजिनीअरांच्या एका मोठ्या गटात पुरुषांनाच कमी मिळत असल्याचं दिसलं. टीकाकारांनी लगेच विचारलं, तुम्ही एका पातळीवरच्या लोकांची आपसात तुलना केलीत, पण मुळात बायकांना नोकरीत घेतानाच खालच्या पातळीवर घेतलं असेल तर? तो प्रश्न त्या कॉलममध्ये मावतच नव्हता.

तेव्हा ‘नुसतं एक्सेल’ म्हणून नाक मुरडू नका. बीकॉम, बीएमएस, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, काहीही शिकत असाल तरी हे काम शिकता येतं. लागतो तो संयम आणि ‘हा आकडा असा का?’ असं विचारायची सवय. एका आकड्यामागे एक माणूस असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

अपलोडचं बटण दाबण्याआधी

- मूळ फाइलला हात लावू नका. कॉपी काढा, बदल कॉपीत करा आणि काय बदललं ते लिहून ठेवा.
- आधी आणि नंतर माणसं मोजा, पगाराची एकूण बेरीज मोजा. दोन्ही जुळलंच पाहिजे.
- रिकामी चौकट आणि शून्य एक नव्हे. ‘माहिती नाही’च्या जागी शून्य टाकलं तर सरासरी घसरते.
- सगळ्यात मोठे पाच आणि सगळ्यात छोटे पाच पगार डोळ्यांनी तपासा. चुका बहुतेक तिथेच सापडतात.
- सॉफ्टवेअर विचारेल, कुठला कॉलम कशाला जोडायचा? त्याने सुचवलेलं घाईघाईत ‘ओके’ करू नका.
- पगाराची फाइल स्वतःच्या मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर कधीच घेऊ नका. नावांची गरज नसेल तर ती काढून टाका, क्रमांक पुरेसा आहे. आणि कुणाला किती मिळतात, ही चर्चा कॅन्टीनमध्ये तर अजिबात नको!