अर्ध्या तासाचा आय-फाइव्ह
(पेटी उघडताना : भाग ९)

या आठवड्यात एसएसडी बसवू, असं कबूल केलं होतं. ते पुढं ढकलतोय. मंगळवारी नसरापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरायला तयार नाही. पत्र छोटं आहे. ‘तुमच्या सांगण्यावरून पंखा साफ केला, मूठभर धूळ निघाली. आता प्रोसेसर बदलायचा म्हणतो. लॅपटॉप गेमिंगचा, सेकंडहँड घेतलेला. आत आय-फाइव्ह ४२००एम आहे, भाच्याला आय-सेव्हन हवाय. दुकानदार म्हणतो, लॅपटॉपचा प्रोसेसर बदलतच नसतो. खरं का?’

दुकानदाराचं दहात नऊ वेळा खरं असतं. तुमची नेमकी दहावी वेळ आहे, आणि ती कळली ती नंबराच्या शेपटीला चिकटलेल्या ‘एम’मुळं.

इंटेलच्या चौथ्या पिढीत, म्हणजे २०१३ च्या सुमारास, लॅपटॉपचे प्रोसेसर दोन जातींचे निघायचे. ‘एम’ आणि ‘एमक्यू’वाले सॉकेटात बसायचे. ‘यू’, ‘एच’ आणि ‘एचक्यू’वाले बोर्डावर कायमचे डकवलेले. आय-सेव्हन ४७००एमक्यू आणि ४७००एचक्यू, नाव सांगताना जीभ जरा घसरली की एक निघणारा आणि दुसरा न निघणारा! पाचव्या पिढीपासून इंटेलनं लॅपटॉपसाठी सॉकेटाचा प्रोसेसर काढणंच थांबवलं. सॉकेट म्हटलं की उंची आली, आणि लोकांना लॅपटॉप पत्रावळीसारखा पातळ हवा होता. शिवाय ज्याला वेग हवा तो नवा लॅपटॉप घेतो, हाही हिशेब कुणाला नकोसा नसणार, असं माझं आपलं मत.

तेव्हा नसरापूरकर, तुमचं जमण्यासारखं आहे. पण आय-सेव्हन मागवायच्या आधी माझी एक फजिती ऐका.

चार-पाच पावसाळ्यांमागं इथं मार्गासनीत, आमच्याच आळीतला एक मुलगा वडिलांचा लॅपटॉप घेऊन आला. आत पेंटियम २०२०एम. शेपटीला ‘एम’, सॉकेटवाला, दोन कोअरचा. माझ्याकडं एका मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेला आय-फाइव्ह ३२३०एम पडून होता. पिढी तीच तिसरी, सॉकेट तेच, वॅट दोघांचे ३५. म्हटलं, ये, बस.

बाहेर पाऊस धो धो, राजगड ढगात गडप. ओटीवर जुनं धोतर अंथरलं. स्क्रू काढले की मी अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवतो, प्रत्येक खड्ड्यात एका जागेचे. नळाला हात लावून अंगातली वीज सोडली. उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी चार स्क्रूंवर असते आणि त्यांच्याशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट क्रमानं, थोडे थोडे सैल करत जायचं. एकच कोपरा आधी मोकळा केला की सगळा दाब उरलेल्या कोपऱ्यांवर जातो आणि खालची चीप उघडी असते. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर धातूची टोपी असते, लॅपटॉपच्याला ती नसते. वाळलेली पेस्ट पुसली की खाली आरशासारखं चकचकीत सिलिकॉन दिसतं. मुलानं त्यात वाकून स्वतःचा डोळा बघितला.

सॉकेटाच्या कडेला एक चपट्या तोंडाचा स्क्रू असतो, शेजारी उघड्या आणि बंद कुलपाची खूण. अर्धा फेरा उघड्या कुलपाकडं फिरवला की प्रोसेसर सुटतो, बोटानं अलगद उचलायचा. खाली साडेनऊशे-हजाराच्या घरात पिना. एक वाकली की सुई आणि भिंग घेऊन दिवस घालवा. नवा ठेवताना कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटावरच्या खुणेशी जुळवायचा. आपल्या वजनानं तो आत बसतो. दाबावा लागला तर समजा काहीतरी चुकतंय. मग कुलूप बंद, मुगाच्या डाळीएवढी पेस्ट, नळी १-२-३-४ क्रमानं परत.

लॅपटॉप सुरू झाला. विंडोजनं आय-फाइव्ह असं नावही दाखवलं. मुलानं जीटीए लावला, गाड्या पळायला लागल्या, मी चहा मागवला. आणि ऐन रंगात पडदा काळा.

वीज गेली म्हणावं तर बॅटरी होती. म्हटलं तापला असेल. परत सुरू केला, तापमान साठाच्या वर गेलं नाही आणि परत बंद. तिसऱ्यांदा मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो, गेम न लावता. बरोबर तीस मिनिटं झाली आणि गेला. चौथ्यांदाही तीस. तापून बंद पडणारं यंत्र असं घड्याळ लावून पडत नाही.

मग सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. बोर्डावरचा चिपसेट वाचला: एचएम७०. हा स्वस्तातल्या लॅपटॉपसाठीचा चिपसेट, फक्त सेलेरॉन आणि पेंटियमशी जमवून घेणारा. आय-थ्री, आय-फाइव्ह किंवा आय-सेव्हन बसवला तर तो चालू होऊ देतो, अर्धा तास पाहुणचार करतो आणि वीज तोडतो. चूक सर्वस्वी माझी. सॉकेट बघितलं, चिपसेट बघितला नाही. संध्याकाळी पेंटियम परत बसवला. मुलगा काही बोलला नाही, नुसता ट्रेमधले स्क्रू एकेक करून हातात देत राहिला.

म्हणून पहिलं काम, ‘सीपीयू-झेड’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या. त्यात पॅकेजच्या ओळीत ‘पीजीए’ असेल तर सॉकेट, ‘बीजीए’ असेल तर डकवलेला. मेनबोर्डच्या पानावर चिपसेट वाचा. तुमच्या पिढीत बहुधा एचएम८६ किंवा एचएम८७ निघेल, ते भांडत नाहीत. मग लॅपटॉपच्या कंपनीचं शेवटचं बायॉस चढवा, आणि ते जुना प्रोसेसर आत असतानाच. नव्या प्रोसेसरची ओळख बायॉसमध्ये नसेल तर नुसता काळा पडदा येतो आणि काळ्या पडद्यावर बायॉस चढवता येत नाही. तुमचंच मॉडेल त्याच कंपनीनं आय-सेव्हनसह विकलेलं असेल तर ओळखीची चिंता जवळजवळ मिटली.

दुसरं, वॅट. तुमचा ४२००एम आहे ३७ वॅटचा, दोन कोअर. ४७००एमक्यू ४७ वॅटचा, चार कोअर. वाढलेली दहा वॅट उष्णता त्याच नळीनं आणि त्याच पंख्यानं बाहेर काढायचीय. काही कंपन्या आय-सेव्हनच्या मॉडेलला जाड नळी आणि मोठा अॅडॉप्टर देतात, तो फरक बघून घ्या. अॅडॉप्टर कमी पडला तर प्लग लावलेला असूनही खेळताना बॅटरी उतरत जाते.

तिसरं भाच्यासाठी. गेममध्ये रेझोल्यूशन एकदम खाली आणून बघ. चित्र भुरकट होऊन खेळ सरसर पळायला लागला, तर अडवत होती ग्राफिक्सची चीप, आणि ती तुमच्या लॅपटॉपात बहुतेक डकवलेलीच असणार. मामाला खर्चात पाडू नकोस. भुरकट करूनही तसाच अडखळला, तर प्रोसेसर कमी पडतोय, आय-सेव्हनचा हट्ट धर.

डकवलेले प्रोसेसरही बदलून देणारे कारागीर पुण्यात बुधवार पेठेत भेटतात. गरम हवेच्या यंत्राखाली बोर्ड धरायचा, शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या पुढं वितळतं, चीप उचलायची, नव्या चिपेखाली बारीक गोळ्या मांडून परत बसवायची. हात बघत राहावे असे असतात. तरी वेगासाठी मी माझा लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवणार नाही. मेलेला जिवंत करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

२०१९ साली एलियनवेअरनं एरिया-५१एम नावाचा लॅपटॉप काढला, त्यात चक्क डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटात बसायचा. चार किलोच्या घरातलं धूड. स्वारगेट-वेल्हे एसटीत मांडीवर घेऊन मार्गासनीपर्यंत यायचं म्हटलं तर पायाला मुंग्या येतील, पण अजून एकदा उघडून बघायची इच्छा आहे.

नसरापूरकर, चिपसेटचं नाव आणि अॅडॉप्टरवरचे वॅट कळवा. तोवर पैसे मोजू नका. एसएसडी पुढच्या आठवड्यात, तुमचं उत्तर त्याआधी आलं नाही तर.