जुना संगणक टाकून देण्याआधी

सात-आठ वर्षांचा संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेऊ लागला की दुकानदार नवा दाखवतो. जरा थांबा. बऱ्याचदा दोष प्रोसेसरचा नसतो, हार्ड डिस्कचा असतो. तिच्यातल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि एक बारीकसा दांडा माहिती शोधत पुढे-मागे सरकत राहतो. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे माहिती चटकन हाती लागते. एसएसडी बसवण्याचा एवढा एक बदल केला तरी तोच संगणक ओळखू येत नाही. घरच्या वापराला २५६ जीबी पुरते. फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. आधी डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

धुळीचं मात्र खरंच मनावर घ्या. गेल्या दिवाळीत आमच्या संगणकाचं झाकण उघडलं, तर पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये गोधडीसारखा थर! उष्णता बाहेर जाणार कुठून? वायर काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने झाडलं. घरघर थांबली.

विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं साधन संगणकात असावं लागतं. ते नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली मोफत आहे.

आणि काहीही उघडण्यापूर्वी मुलांचे फोटो, घराची कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. आजच घ्या.