एका प्रश्नाची चार उत्तरे

संध्याकाळी ओपीडीच्या वेळी नागपूरच्या धंतोलीतल्या कोणत्याही गल्लीत शिरा, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या असतात. जुने बंगले, त्यांना खेटून उभी राहिलेली रुग्णालये, तळमजल्यावर औषधांची दुकाने आणि लॅब. फाटकावर ‘गेटसमोर गाडी लावू नये’ अशी पाटी आणि नेमकी तिच्याचसमोर बाहेरगावाहून पेशंट घेऊन आलेली गाडी. गाडीतल्या माणसांना पाटी वाचायलाही उसंत नसते. रहिवाशांची तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊन पोहोचली. अर्थशास्त्राच्या पदवीच्या वर्गाला याहून चांगला धडा शोधूनही सापडणार नाही, असे मला वाटते.

दोघांच्या व्यवहाराचा भार तिसऱ्यावर पडतो, त्याला अर्थशास्त्रात ‘बाह्यता’ म्हणतात. रुग्णालय आणि रुग्ण यांच्यात जे ठरते, त्याची किंमत शेजारच्या बंगल्यातले आजोबाही मोजतात. यावर काय करावे? आर्थर पिगू यांनी १९२० साली सांगितले, की जो भार टाकतो त्याच्यावर कर बसवा. म्हणजे रस्त्यावर गाडी लावायचे शुल्क घ्या, वाहनतळ न बांधणाऱ्या इमारतीकडून वसुली करा. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये प्रश्नच वेगळा मांडला. रस्त्यावरचा हक्क मुळात कोणाचा, हे आधी ठरवा. बोलणी करायला फार खर्च येत नसेल, तर दोन्ही बाजू आपसात तोडगा काढतील. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तिसरी वाट दाखवली. सामाईक साधन वापरणारी माणसे स्वतःच नियम करतात, पाळतात आणि मोडणाऱ्याला समजही देतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणे तपासून दाखवले. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेणारे ते गाव ऑस्ट्रॉम यांच्या पुस्तकात शोभले असते.

चौथे उत्तर मला सगळ्यांत मोलाचे वाटते. गाड्या येणारच, हे वरच्या तिघांनी गृहीत धरले आहे. पण त्या येतात कुठून? दीडशे-दोनशे किलोमीटरवरून माणूस धंतोलीत येतो, तो त्याच्या जिल्ह्यात ती सोय नाही म्हणून. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राच्या प्रादेशिक अनुशेषाचा, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या तुटीचा, हिशेब मांडला. सिंचन, रस्ते, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवाही त्यात होती. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी रुपयांचा आणि त्यातला सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या विदर्भाचा होता. या नजरेने पाहिले, तर धंतोलीतल्या गाडीचे मूळ गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रात सापडते.

एकच प्रश्न असा चार बाजूंनी विद्यार्थ्यापुढे ठेवणे, प्रत्येक बाजूचे गृहीतक उघडे करून दाखवणे आणि कोणती बाजू कुठे तोकडी पडते हे त्याला स्वतः तपासू देणे, याला अर्थशास्त्राचे बहुविध दृष्टिकोनांतून अध्यापन म्हणतात. आपल्या वर्गांत सहसा उलटे घडते. अकरावी-बारावीपासून मागणीचा वक्र, ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे कलम आणि लायोनेल रॉबिन्स यांची १९३२ची व्याख्या – गरजा अमर्याद, साधने मर्यादित – एवढे पाठ होते. व्याख्या चुकीची नाही. पण कोणीतरी, कधीतरी, काही हेतूने ती केली आणि इतरांनी तिच्याशी वाद घातला, हे मुलांच्या कानावरच पडत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखी ती वहीत उतरते.

हे शिकवायला आपल्याला दूर जावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली दोन भारतीय शिकले. पहिले १९१३ ते १९१६ या काळात आणि दुसरे १९२८च्या सुमारास. पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथाला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. दुसरे जे. सी. कुमारप्पा, मूळचे हिशेब तपासनीस. ब्रिटिश राजवटीचे कर आणि खर्च देशाला दरिद्री कसे करतात, हे त्यांनी तिथे अभ्यासले. पुढे ते गांधीजींकडे आले आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत पाहू लागले. मगनवाडी धंतोलीपासून पाऊणशे किलोमीटरवर आहे. दीक्षाभूमी तर दोन-तीन किलोमीटरवर.

गुरू एक, पारतंत्र्य एक, आकडेवारीही बरीचशी एकच. निष्कर्ष मात्र दोन टोकांचे. आंबेडकरांनी १९१८च्या निबंधात लहान शेतजमिनींचा प्रश्न घेतला. जमीन लहान की मोठी, हे एकरांवर ठरत नाही, तिच्यात किती भांडवल आणि किती श्रम पडतात यावर ठरते, असे त्यांनी मांडले. शेतीवर अतिरिक्त माणसे अडकली आहेत. त्यांना उद्योगांत काम मिळाल्याशिवाय नुसत्या तुकडेजोडणीने काही साधणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. खेडे त्यांच्या लेखी जातीच्या जाचाचे घर होते आणि ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत त्यांनी ते स्पष्ट सांगितले. कुमारप्पांना त्याच खेड्यात टिकाऊ अर्थव्यवस्थेचा पाया दिसला. मगनवाडीत तेलघाणी, हातकुटाईचा तांदूळ, हातकागद यांवर प्रयोग चालत. गिरणीचे तेल स्वस्त दिसते, कारण तेल्याचा गेलेला रोजगार आणि गावाबाहेर गेलेली पेंड यांची किंमत त्या दरात धरलेलीच नसते, अशी त्यांच्या विचाराची दिशा. १९४५च्या सुमारास तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी निसर्गातल्या अर्थव्यवस्थांचे परोपजीवी ते सेवाप्रधान असे प्रकार पाडले.

या दोघांना एका तासाला शेजारी बसवून वाचले, तर विद्यार्थ्याला काय मिळेल? दोघेही दारिद्र्याचाच विचार करत होते. पण एकाने आधी विचारले, खेड्यात माणसाला माणूस म्हणून जगता येते का? दुसऱ्याने विचारले, खेड्यातले धन बाहेर का जाते? आधी कोणता प्रश्न विचारला, यावर पुढचे सगळे गणित बदलले. इथे मला बाबासाहेबांच्याच दुसऱ्या शिक्षकाची आठवण होते. ‘रुपयाचा प्रश्न’ या १९२३च्या ग्रंथात आंबेडकरांनी अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्याशी वाद घातला. त्याला प्रस्तावना लिहिणारे लंडनचे एडविन कॅनन त्यांच्या बऱ्याच मुद्द्यांशी असहमत होते आणि तसे त्यांनी प्रस्तावनेतच लिहिले. तरीही विद्यार्थ्याच्या विचारांतल्या ताजेपणाची त्यांनी दाद दिली. शिक्षकाने कसे असावे, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

बाहेरच्या जगात अशा बहुविध अध्यापनाची मागणी विद्यार्थ्यांनीच लावून धरली. जून २०००मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी निवेदन काढले, की आम्हाला शिकवले जाणारे अर्थशास्त्र वास्तवापासून तुटले आहे. २००८च्या आर्थिक संकटानंतर आवाज वाढला. नोव्हेंबर २०११मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ग्रेगरी मँकिव यांच्या प्रास्ताविक वर्गातून सभात्याग केला. मँचेस्टरच्या मुलांनी आपली संघटना काढली. मे २०१४मध्ये ३० देशांतल्या ६५ विद्यार्थी संघटनांनी खुले पत्र लिहिले आणि सिद्धान्त, अभ्यासपद्धती आणि इतर विद्याशाखांशी नाते या तिन्हींत विविधता मागितली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. सगळी मते सारखीच मानली तर शास्त्र उरेल का? पाया कच्चा असलेल्या पोरापुढे पाच विचारसरण्या ओतल्या, तर हाती नावांची यादीच लागेल. म्हणून वक्र, गणित, संख्याशास्त्र हे सारे आलेच पाहिजे. केन्सशी भांडायला आंबेडकरांना चलनव्यवस्थेचा इतिहास आकड्यांनिशी ठाऊक असावा लागला. नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानपरंपरेला जागा मिळाली आहे, तिचेही हेच. कौटिल्यावर एक प्रकरण वाढवून त्यावर टिपा पाठ करायला लावल्या, तर तो जुनाच एकसुरीपणा नव्या वेष्टनात येईल. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले म. गो. बोकरे आधी मार्क्सवादी अभ्यासक होते आणि १९९३ मध्ये त्यांनी हिंदू अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यांचे आधीचे आणि नंतरचे लेखन एकमेकांसमोर ठेवून, माणसाचे मत कशामुळे बदलले याचा शोध मुलांना घ्यायला लावा. ज्ञानपरंपरा जिवंत होईल.

परीक्षा मात्र बदलावी लागेल, कारण विद्यार्थी प्रश्नपत्रिकेला शिकतो. समजा प्रश्न असा आहे : यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कापसाला भाव का मिळत नाही? मागणी-पुरवठ्याचे उत्तर जागतिक बाजार, आयात शुल्क आणि रुईचा उतारा यांतून जाईल. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे उत्तर सरकारकडे बोट दाखवेल : भाव धोरणानेच पाडले जातात. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीला त्यांचा विरोध त्यातूनच आला. राज्यात पिकलेला कापूस शेजारच्या राज्यात नेऊन विकायला शेतकऱ्याला बंदी का, असे ते विचारत. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाहिले ते मधल्या माणसाकडे, म्हणजे सावकार, भट-कामगार (ब्राह्मण अधिकारी) आणि सरकारी कचेरीकडे. कुमारप्पा विचारतील, रुई गावाबाहेर जातेच का? आणि कोणी विचारेल, वेचणी करते कोण? किलोमागे मजुरी घेऊन दिवसभर वाकून बोंडे वेचणारी बाई भावाच्या हिशेबात कुठे आहे आणि सातबाऱ्यावर तिचे नाव किती घरांत आहे?

या प्रश्नाला वीस गुण ठेवावेत. दहा गुण स्वतःला पटलेले उत्तर आकड्यांसह मांडण्याला. उरलेले दहा, त्याच उत्तरावर विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम आक्षेप प्रामाणिकपणे लिहून दाखवण्याला.