गुंठा स्वस्त मिळतोय, पण कागद कुठला? खानापूर-बेळगाव पट्ट्यात जागा घेण्याआधी

बेळगावातून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलं की गोवा. इकडे शेजारीच चंदगड, म्हणजे महाराष्ट्र. माणसं तीच, सोयरिकी एकमेकांत. पण शेतजमीन कोणी घ्यायची याचा कायदा तिन्हीकडे वेगळा. आपल्या पट्ट्यात जागेचे दर मिळकतीच्या पुढे पळतायत, त्याचं एक कारण इथेच आहे.

महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गोव्याने २०२३ मध्ये कायदा करून भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध घातले. कर्नाटकात मात्र उलटं झालं. २०२० साली भूसुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढून टाकली आणि शेतजमीन सगळ्यांनाच खुली झाली. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले, हे खरंच. पण घरासाठी एखादा गुंठा शोधणाऱ्या गावच्या गवंड्याला आता बेंगळूर, पुणे, पणजीच्या पैशाशी स्पर्धा करावी लागते. मग तो वळतो स्वस्त प्लॉटकडे.

स्वस्त का पडतो?

एकरात ४० गुंठे. हिशेबापुरता एकर ४० लाखांचा धरू. शेतात चुना मारून ४०च्या ४० गुंठे विकणाऱ्याला गुंठा १ लाखाला पडतो. रीतसर एन.ए. करून ले-आऊट पाडणाऱ्याला रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते. त्यात १८ गुंठे गेले, तर उरलेल्या २२ गुंठ्यांवर भाव पडतो साधारण १ लाख ८२ हजार. वर एन.ए.चं शुल्क, गटार, विजेचे खांब वेगळेच. म्हणजे स्वस्त प्लॉटमध्ये जे वाचतं, तो तुमचाच रस्ता आणि तुमचाच कागद असतो.

९, ११अ आणि ११ब

पंचायत हद्दीतल्या मिळकतीची नोंद ई-स्वत्तूवर असते. गावठाणातली किंवा रीतसर एन.ए. झालेली जागा असेल तर फॉर्म ९ आणि ११अ मिळतो. बिनपरवाना जागेची नोंद ११ब मध्ये होते. पंचायत तिच्यावरही घरफाळा घेते, आणि पावती हातात आली की आपल्याला वाटतं, झालं काम. पण घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे, आणि एन.ए. तर नव्हेच.

याची किंमत नंतर मोजावी लागते. अशा कागदावर बहुतेक बँका गृहकर्ज देत नाहीत. मग दागिने गहाण पडतात, नाहीतर खाजगी व्याजाने पैसे उचलले जातात. बाँडपेपरवर व्यवहार केला असेल तर उताऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच राहतं. उद्या रस्त्यासाठी ती जमीन संपादनात गेली, तर भरपाईही त्याच्याच नावाने निघते. बेळगाव परिसरात रिंगरोड आणि बायपासचा वाद किती वर्षं चाललाय, हे सांगायला नको.

सरकारी घरकुलाचा आधार आहे, पण तोकडा. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात. ते बांधकामासाठी असतात, जागा आपलीच लागते.

इसारा देण्याआधी

- चालू उतारा काढा. नाव कोणाचं, सामायिक आहे का, बोजा आहे का ते पाहा.
- कावेरी पोर्टलवरून मागच्या व्यवहारांची ईसी काढा.
- एन.ए.चा आदेश आणि मंजूर ले-आऊट नकाशा मागा. "फाईल आत गेलीय" हे उत्तर चालवून घेऊ नका.
- जागेपर्यंतचा रस्ता नकाशात आहे का, की नुसता तोंडी?
- वारसदार सगळे सही करणार आहेत का? लग्न होऊन कोल्हापूर, गोव्याला गेलेल्या बहिणीही वारसच असतात.

कागद कन्नडमध्ये असतात आणि आपल्यातले बरेच जण विकणाऱ्याच्याच माणसाकडून ते वाचून घेतात. फसगत तिथेच सुरू होते. ओळखीच्या, पण या व्यवहारात हात नसलेल्या माणसाकडून किंवा वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. त्याला द्यावी लागणारी फी आयुष्यभराच्या कमाईपुढे काहीच नाही.